पहिली रात्र शहरात, दुसरी गावात: गोव्यात खोली शोधण्याची रीत

गोव्यात खोल्यांचा खरा तुटवडा वर्षातले मोजके दिवस असतो. बाकीच्या दिवसांत जे हाल होतात ते चुकीच्या ठिकाणी आणि चुकीच्या वेळी उतरल्यामुळे होतात. संध्याकाळी साडेसातला थिवीला गाडीतून उतरायचं, हातात हणजूणच्या खोलीचं बुकिंग, स्थानकाबाहेर गावाकडे जाणारी बस संपलेली. टॅक्सीवाला म्हणेल तो आकडा देऊन पोचावं तर मालक सांगतो, ‘ॲपवरचं तुमचं बुकिंग आमच्याकडे आलेलंच नाही.’ रात्रीचे नऊ वाजलेले, पाठीवर बारा किलोची बॅग. अशा वेळी माणूस मिळेल ती खोली मागेल त्या दरात घेतो.

हे टाळायचं असेल तर एकच रीत धरा. पहिली रात्र म्हापसा, पणजी किंवा मडगाव या तीनपैकी एका शहरात काढायची. ती खोली आधी ठरवायची, पण एकाच रात्रीची. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग तिथेच ठेवून मोकळ्या हातांनी किनाऱ्याच्या गावात जायचं, खोली डोळ्यांनी बघायची, दर ठरवायचा आणि मग बॅग आणायची. पाठीवर बॅग दिसली की भाव चढतो आणि दुपारच्या उन्हात तुमचा धीर सुटतो. चौथं घर बघायची ताकद उरत नाही, आणि चांगली खोली बहुधा चौथ्या-पाचव्या घरात असते.

आधी स्थानक ठरवा, मग खोली

गोवा म्हणजे एक शहर नव्हे. उत्तरेला हरमल आणि दक्षिणेला पाळोळे यांच्यात रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि बस बदलत बदलत जायचं तर अख्खा दिवस जातो. ‘गोव्याचं तिकीट काढलं’ एवढ्यावर भागत नाही.

हरमल, मांद्रे, आश्वे, केरी इथे राहायचं असेल तर पेडणे स्थानक जवळचं. तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत आणि बाहेर वाहनंही मोजकीच असतात. हणजूण, वागातोर, शिवोली, कळंगुट, कांदोळी यांच्यासाठी थिवी. थिवीहून म्हापसा दहा-बारा किलोमीटर आहे आणि म्हापशाचा कदंब स्टँड (गोव्याच्या सरकारी बसचा तळ) हा उत्तरेच्या सगळ्या गावांचा नाका. पणजी आणि जुनं गोवें यांच्यासाठी करमळी. कोलवा, बाणावली, वार्का, केळशी यांच्यासाठी मडगाव. पाळोळे, पाटणे, आगोंद यांच्यासाठी काणकोण. काणकोण स्थानकापासून पाळोळे दोन-तीन किलोमीटरवर असताना मडगावला उतरून तीस-चाळीस किलोमीटरची टॅक्सी करणारे लोक रोज दिसतात. तुमची गाडी काणकोणला थांबत नसेल तर मात्र मडगावच्या कदंब स्टँडवरून काणकोणची बस धरा. हा स्टँड रेल्वे स्थानकाला लागून नाही. मध्ये रिक्षा किंवा पायलट (मोटारसायकल टॅक्सी) करावा लागतो.

गाडी कोणती, हाही खोलीचाच प्रश्न आहे. कोकणकन्या मुंबईहून रात्री निघते आणि सकाळी गोव्यात पोचते, म्हणजे शोधाशोध करायला पूर्ण दिवस हातात. मांडवी सकाळी निघून संध्याकाळी पोचते. खिडकीतून कोकण बघायला ती सुरेख, पण तिने येत असाल तर पहिल्या रात्रीची खोली पक्की असलीच पाहिजे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, त्यात गाड्या हळू धावतात आणि पोचायच्या वेळा पुढे सरकतात. जून ते ऑक्टोबर या काळातलं तिकीट असेल तर जुन्या वेळेवर हिशेब करू नका.

विमानाने येणाऱ्यांची चूक निराळी. गोव्यात दोन विमानतळ आहेत: वास्कोजवळचं दाबोळी आणि पेडणे तालुक्यातलं मोपा, जिथून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. पाळोळेला खोली आणि मोपाला विमान असं जमवलंत तर खोलीत वाचवलेले पैसे रस्त्यात जातात. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. गोवा माइल्स हे ॲप आणि विमानतळावरचा प्रीपेड काउंटर हे दोन मार्ग. कदंबच्या बसही दोन्ही विमानतळांवरून सुटतात. पैसा वाचवायचा तर आधी त्यांची चौकशी करा.

एकट्या माणसाला सगळ्यात सोयीचा तो पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी. पिवळ्या मडगार्डवरून ती ओळखू येते. बसायच्या आधी आकडा ठरवा, आणि मोठी बॅग पुढे टाकीवर ठेवू देता का तेही विचारा. पाठीवर बॅग घेऊन मागे बसलात तर चढावर तोल मागे जातो.

नावांचा घोळ

एकाच गावाची दोन-दोन नावं चालतात. ॲपवर आरांबोल, बसच्या पाटीवर आणि कंडक्टरच्या तोंडी हरमल. तसंच अंजुना आणि हणजूण, मापुसा आणि म्हापसा, सिओलिम आणि शिवोली, कॅनाकोना आणि काणकोण. बुकिंगमधलं नाव आणि स्थानिक नाव दोन्ही कागदावर लिहून ठेवा.

याहून वाईट घोळ सारख्या नावांचा. कोलवा हा मडगावजवळचा किनारा, आणि कोलवाळ हे थिवीच्या बाजूचं, शापोरा नदीकाठचं गाव. दोन्हींत पन्नासेक किलोमीटरचं अंतर. केरी तर तीन आहेत: पेडण्यातली किनाऱ्यावरची, सत्तरीतली डोंगराजवळची आणि फोंड्यातली. ‘केरीला स्वस्त होमस्टे मिळाला’ म्हणून आनंद करण्याआधी तालुका वाचा. समुद्र हवा असेल तर पेडणेच.

पत्त्याचंही तसंच. गावांत रस्त्यांना नावं नसतात, असतात ते वाडे. एका गावात दहा-पंधरा वाडे, आणि घर क्रमांकांचा क्रम असा की ११२ च्या शेजारी ११३ सापडेलच असं नाही. नकाशावरची खूण पुष्कळदा गावाच्या मध्यावर टोचलेली असते आणि खरं घर दीड किलोमीटर आत माडांच्या भाटात. मालकाला फोनवर तीन गोष्टी विचारा: वाडा कोणता, जवळचं कपेल (छोटं चर्च), खुरीस (क्रूस) किंवा देऊळ कोणतं, आणि तिंट्यापासून किती लांब. तिंटो म्हणजे गावचा बाजारचौक, बस थांबते ती जागा. एवढं कळलं की कोणीही माणूस तुम्हाला घरापर्यंत सोडतो. त्याशिवाय पायलटसुद्धा फिरत राहतो.

कधी जाऊ नये, आणि कधी कुठे जाऊ नये

नाताळ ते नववर्ष हा काळ सगळ्यांना ठाऊक आहे. साधारण २० डिसेंबरपासून २ जानेवारीपर्यंत किनारपट्टीत न ठरवता जाणं म्हणजे उघड्यावर झोपायची तयारी ठेवणं. कमी माहितीचे दिवस असे: नोव्हेंबरच्या शेवटच्या भागात पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा पाटो, कांपाल, मिरामार भरलेलं. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे संताचा उत्सव, त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना. त्या दिवसांत करमळी ते पणजी हा पट्टा टाळा. डिसेंबरच्या मध्यावर पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कार्निव्हल, मग शिगमो, म्हणजे गोव्याचा शिमगा. आणि १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरला जोडून शनिवार-रविवार आला की पुण्या-कोल्हापूर-बेळगावकडच्या गाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत कळंगुट-बागा विसरा.

चवथीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या माणसाला त्याचा अंदाज नसतो. गणेशचतुर्थीला गोव्यातला हिंदू माणूस मूळ घरी जातो. पणजी-म्हापशातली दुकानं आणि खानावळी दोन-तीन दिवस ओस पडतात. खोली मिळते, जेवण मिळत नाही. घरगुती होमस्टेमध्ये माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट) बांधायची गडबड असते, नातलगांनी घर भरलेलं असतं. तेव्हा मालकीणबाईने ‘आता नको’ म्हटलं तर तो नकार मनाला लावून घेऊ नका. त्या दिवसांत जायचंच असेल तर मोठं हॉटेल किंवा हॉस्टेल धरा आणि पिशवीत दोन वेळचा फराळ ठेवा.

पावसाळ्यात दर उतरतात, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाळोळे, पाटणे, आगोंद इथल्या वाळूवरच्या लाकडी झोपड्या हंगामी असतात. पावसाआधी त्या उतरवतात आणि पाऊस संपल्यावर पुन्हा उभारतात. जुलैत कोणी ‘समुद्राला लागून हट’ दाखवून आगाऊ पैसे मागत असेल, तर फोटो जानेवारीतला आहे हे समजा. एकतर ती झोपडी जागेवर नाही, नाहीतर मागच्या बाजूच्या पक्क्या खोलीत तुम्हाला घालणार. थेट विचारा: ‘आज, आत्ता, त्या खोलीचा व्हिडिओ पाठवा.’

आधी ठरवताना फसगत कुठे होते

पहिल्या रात्रीची खोली ॲपवर घ्यायला हरकत नाही. पण ॲपवर ‘कन्फर्म’ दिसणं आणि मालकाच्या वहीत तुमचं नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुकिंग झाल्यावर त्याच दिवशी जागेवर फोन लावा. बोलणाऱ्याचं नाव विचारून लिहून ठेवा. तारीख, खोलीचा प्रकार, एकूण रक्कम आणि पोचायची वेळ व्हॉट्सॲपवर पाठवून ‘हो’ असं उत्तर मागून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एक फोन. ‘पे ॲट हॉटेल’ प्रकारात हे दोन फोन अजिबात टाळू नका, कारण गर्दीच्या दिवशी दारात जास्त पैसे देणारा आला की आधी गळतं ते न भरलेलं बुकिंग.

तरीही दारात नकार मिळालाच तर घाईने स्वतःहून बुकिंग रद्द करू नका. मालक गोड बोलून म्हणेल, ‘तुम्ही रद्द करा, पैसे परत येतील.’ तुम्ही रद्द केलंत की चूक तुमच्या नावावर चढते आणि परतावा अडकतो. त्याऐवजी जागेवर उभं राहून ॲपच्या मदत क्रमांकावर फोन लावा, मालकाशी त्यांचं बोलणं करून द्या, दरवाजा आणि पाटीचा फोटो काढा, आणि त्याच दरात पर्यायी खोली मागा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

दुसरी फसगत खोट्या मालकाची. दुसऱ्याच्या व्हिलाचे फोटो, निम्मा दर, आणि ‘आत्ता आगाऊ पाठवा, नाहीतर जाईल’ अशी घाई. नकाशावरच्या नोंदीतला फोन नंबरसुद्धा कोणी बदललेला असू शकतो. म्हणून नंबर दोन ठिकाणी ताडून बघा. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर येणारं नाव जागेच्या किंवा मालकाच्या नावाशी जुळतं का ते वाचा. ‘ते माझ्या मेव्हण्याचं खातं आहे’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. व्हिडिओ कॉलवर फाटक, पाटी आणि खोली एका दमात दाखवायला सांगा. खरा मालक दोन मिनिटांत दाखवतो, खोटा कारणं सांगत बसतो. पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांकही मागा. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार गोव्यात हॉटेलपासून पेइंग गेस्टपर्यंत सगळ्यांना नोंदणी लागते. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

दर विचारताना ‘कर धरून किती?’ असं विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. कोणी अजून १२ टक्के लावत असेल तर बिल मागा.

दुसऱ्या दिवशी: पायी शोध

सकाळी नऊ ते साडेबारा ही शोधायची वेळ. याचं कारण साधं आहे: चेकआउट दहा-अकराला होतो, म्हणून कोणती खोली रिकामी झाली हे मालकाला तेव्हाच ठाऊक असतं. दुपारी एक ते चार गोव्यातली घरं झोपलेली असतात. त्या वेळात दार वाजवलंत तर दार उघडत नाही, आणि उघडलं तरी चांगला दर मिळत नाही. चारनंतर पुन्हा तासभर संधी असते.

बसने तिंट्यावर उतरा आणि किनाऱ्याच्या रस्त्याकडे पाठ करून आतल्या वाड्यांत शिरा. किनाऱ्यापासून पाच-सात मिनिटं आत गेलं की दर खाली येतो. घराच्या कठड्याला किंवा माडाला टांगलेली हाताने रंगवलेली ‘रूम्स’ अशी पाटी शोधा. पाटी नसली तरी विचारायला हरकत नाही. जुन्या घरांना पुढे बालकांव असतो, दोन्ही बाजूंना सिमेंटची बाकं, त्यावर घरातलं कोणीतरी मोठं माणूस बसलेलं असतं. फाटकाबाहेर उभं राहून हाक मारा, आत घुसू नका, कुत्रा असतोच. मराठी सगळ्यांना समजते, पण दोन वाक्यं कोंकणीत आली तर चेहरा बदलतो: ‘भाड्याक कूड मेळटली?’, ‘एका रातीक कितले?’ आणि ‘पयलीं पळयतां’, म्हणजे आधी बघतो. उत्तरात ‘ना’ आलं तर नाही, ‘आसा’ आलं तर आहे. आणि ‘फाल्यां’ ऐकलंत तर निराश होऊ नका. फाल्यां म्हणजे उद्या, खोली उद्या रिकामी होणार आहे. नंबर देऊन या. ख्रिस्ती घरात ‘आंटी’, ‘अंकल’ आणि हिंदू घरात ‘काकी’, ‘भाऊ’ असं म्हटलेलं चालतं.

पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, आणि तिंट्यावरचा किराणावाला यांना गावातल्या रिकाम्या खोल्यांची खबर असते. टॅक्सीवाला किंवा दुचाकी भाड्याने देणारा जी जागा सुचवतो तिच्या दरात त्याचं कमिशन धरलेलं असू शकतं. ती बघा, पण पहिली म्हणून घेऊ नका. दुचाकी घेतलीच तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची भाड्याने घेतली आणि पोलिसांनी अडवली तर भुर्दंड तुमच्या माथी.

खोली बघायला पाच मिनिटं पुरतात, पण ती पाच मिनिटं नीट वापरा. आत शिरल्याबरोबर नाकाने बघा. कुबट वास आला तर गादीचा कोपरा उचला. खालच्या बाजूला काळे ठिपके किंवा ओल दिसली तर पुढे काही बघायची गरज नाही, रात्रभर शिंकत बसाल. चादरीच्या शिवणीत तपकिरी बारीक डाग म्हणजे ढेकूण. पंखा पाचवर फिरवा. शॉवर आणि बेसिनचा नळ एकत्र सोडा, पाण्याचा जोर तिथे कळतो. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो की फक्त दिवा, हे विचारा. खिडकीला जाळी आहे का बघा, आणि एखादं भोक दिसलं तर डासांची अगरबत्ती लावून भागेल अशा भ्रमात राहू नका. आतून कडी घट्ट बसते का? दाराला स्वतःचं कुलूप लावता येतं का? चिऱ्याच्या जाड भिंतींत फोनची रेंज मरते. कामाचे फोन असतील तर खाटेवर बसून फोन लावून बघा. वागातोर-हणजूणमध्ये शेजारी रात्रीचं संगीत आहे का हे मालकाला विचारू नका, समोरच्या दुकानदाराला विचारा.

एसीची एक खोड सांगतो. ‘नॉन-एसीच्या दरात एसी खोली’ म्हणतात, आणि किल्ली देताना रिमोट काढून घेतात. तसं ठरलं असेल तर ठीक, पण आधी बोलून घ्या.

घासाघीस रात्रींच्या संख्येवर करा. ‘कमी करा ना’ याला उत्तर ठरलेलं असतं. ‘तीन रात्री राहतो, सोमवार ते गुरुवार, पैसे आत्ता देतो’ याला मालक विचार करतो. दुसरा पाहुणा ऐकत असताना दर बोलू नका, मालकाची अडचण होते आणि तो हट्टाला पेटतो. पहिल्या दिवशी एका रात्रीचेच पैसे द्या, सकाळी खोली पसंत पडली की पुढचे. पावती नसेल तर यूपीआयने द्या, नोंद राहते.

ओळखपत्र आणि नकार

आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट चालतो. पॅनवर पत्ता नसतो म्हणून ते बहुतेक ठिकाणी नाकारतात. मूळ कार्ड कोणाकडे ठेवायला देऊ नका. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. झेरॉक्स द्यावी लागलीच तर तिच्यावर तारीख आणि ‘फक्त खोलीसाठी’ असं आडवं लिहा.

लग्न न झालेल्या जोडप्याने एकत्र राहण्यावर कायद्याची बंदी नाही, दोघं सज्ञान असावीत आणि दोघांची ओळखपत्रं असावीत. पण घरमालक आपल्या घराचा नियम सांगून नकार देतात. दारात वाद घालून काही हाती लागत नाही, फोनवरच विचारून घ्या. चार-सहा तरुण मुलांच्या गटालाही घरगुती होमस्टे नकार देतात. त्यांनी हॉस्टेलचा आख्खा डॉर्म (अनेक खाटांची सामाईक खोली) बघावा. आणि गोव्याच्याच माणसाला, म्हणजे फोंड्याहून पाळोळेला गेलेल्याला, काही जागा ‘लोकल आयडी चालत नाही’ म्हणतात. त्रासदायक प्रकार आहे, पण खरा आहे. गोव्याचं आधार असेल तर बुकिंग करायच्या आधी ही अट वाचा.

बरोबर परदेशी मित्र असेल तर जागामालकाला त्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. छोट्या घरांकडे ती सोय नसते, म्हणून ते सरळ नाही म्हणतात. फोनवर पहिला प्रश्न तोच विचारा.

हॉस्टेल, सरकारी निवास, अग्रशाळा

एकट्याने फिरणाऱ्याला डॉर्ममधला बंक सगळ्यात स्वस्त पडतो. हणजूण, वागातोर, हरमल, पाळोळे आणि पणजीत हॉस्टेलं भरपूर. लॉकर असतो, कुलूप नसतं. ४० मिलिमीटरचं छोटं कुलूप न्या, कडी फार जाड नको, लॉकरच्या भोकातून जात नाही. खालचा बंक मागा, आणि दारापासून व बाथरूमपासून लांबचा. मुलींसाठी वेगळा डॉर्म आहे का, आणि त्याचं बाथरूम आत आहे की सामाईक, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

पर्यटन विकास महामंडळाची निवासं दिसायला जुनी असतात, पण मोक्याच्या जागी असतात आणि तिथे दारात फसवलं जाण्याची भीती नसते. पहिल्या रात्रीसाठी ती चांगली. मडगाव स्थानकात रिटायरिंग रूमही आहेत. पक्क्या किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन बघा. स्थानकाच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवायचं तर बॅगेला कुलूप लागतं, तेव्हा चेनच्या दोन्ही टोकांतून जाईल असं बारीक कुलूप बरोबर असू द्या.

आणि अग्रशाळा. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, नागेशी, रामनाथी अशा फोंडा तालुक्यातल्या देवस्थानांच्या आवारात भाविकांसाठी खोल्या असतात, त्यांना अग्रशाळा म्हणतात. खोल्या साध्या, दर माफक, परिसर शांत. पण हे लॉज नव्हे, देवस्थानाचं घर आहे. महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) आणि कुळावी (तो देव ज्यांचं कुलदैवत आहे ते) यांना आधी मान, मग इतरांना. देवस्थानच्या कार्यालयात फोन करून विचारा, कोणत्या देवाला आला आहात ते सांगा. मद्य आणि मांसाहार चालत नाही, रात्री फाटक लवकर बंद होतं. ‘खोली स्वस्त पडते’ एवढ्यासाठी जाऊन रात्री किनाऱ्यावरून परतायचा बेत असेल तर जाऊ नका. माघात शांतादुर्गेची आणि मंगेशाची जत्रा असते, त्या दिवसांत तिथे खोलीची आशा धरू नका.

रात्री अडकलात तर

किनाऱ्यावर झोपायचा विचार मनात आणू नका. भरती रात्रीत कुठवर येईल याचा अंदाज नसतो, सामान जातं, आणि पोलीस उठवतात.

त्याऐवजी हा क्रम. आधी उजेडात आणि माणसांत या: तिंटो, बसस्टँड, स्थानक. पायी वाड्यांत शिरू नका, रात्री कुत्री कळपाने असतात. फोनची बॅटरी १५ टक्क्यांच्या खाली असेल तर आधी एखाद्या हॉटेलात चहा मागून ती चार्ज करा. मग किनाऱ्याकडच्या जागा सोडून शहरातल्या लॉजना फोन लावा. म्हापशात बाजाराच्या आजूबाजूला, पणजीत पाटो आणि मळ्याच्या भागात, मडगावात स्टेशन रोडला. किनारपट्टी भरलेली असली तरी फोंड्यात बहुधा खोली असते, कारण तिथे समुद्र नाही. पणजीहून फोंडा तीस किलोमीटरच्या आसपास.

३१ डिसेंबरसारख्या रात्री गोवाच भरला असेल तर हद्दीपलीकडे बघा. उत्तरेला बांदा, सावंतवाडी, आरोंदा, शिरोडा, आणि दक्षिणेला पोळेच्या पलीकडे कारवार. सावंतवाडी म्हापशापासून साधारण ४५ किलोमीटर आहे. तिथे रात्र काढून सकाळच्या बसने परत येता येतं.

टॅक्सीत बसण्याआधी गाडीच्या पाटीचा फोटो घरच्यांना पाठवा. असुरक्षित वाटलं तर ११२. रात्री घेतलेल्या खोलीचे एकाच रात्रीचे पैसे द्या, बॅग पूर्ण उघडू नका, आणि सकाळी नऊला दुसरी शोधायला बाहेर पडा.